नारळाखालची पुस्तिका

सोमेश्वर महाराजांना त्या दिवशी काय काय मिळायचं होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं; म्हणजे पुढचा चमत्कार समजायला सोपा जाईल. उद्घाटनाची शाल एक. नारळ पाच. फ्लेक्सवर फोटो, तोही दुकानाच्या मालकापेक्षा दुप्पट मोठा. काळ्या मेंढ्याचं नाव सकाळी या यादीत नव्हतं. तो येताना वाटेत दिसला.

मेंढा हरिबाचा. पाटोद्याच्या रस्त्याला, गावाबाहेर त्याची मेंढरं बसली होती आणि त्यात हा एक, वळणदार शिंगांचा, काळाकुळकुळीत. कळपाची पुढची सगळी कोकरं याच्याच जिवावर. हरिबा मात्र त्या दिवशी मेंढरांत नव्हता. सतीशच्या नव्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या दारात, खांद्यावर घोंगडी टाकून, मुलीच्या मागे उभा होता. मुलगी अंजू, बारावी झालेली. नर्सिंगचा अर्ज भरायचा होता आणि मुदत आज पाचला संपत होती. मोबाइलवर पान उघडायचं, पण कागद चढवायला गेलं की गोल फिरत बसायचं. पाटोद्यातल्या केंद्रांवर रांग रस्त्यावर आलेली. उरला सतीश, आणि सतीशचा संगणक.

आणि संगणक ओरडत होता.

सतीशने तो शहरातून सुटे भाग आणून, व्हिडिओ बघून, स्वतःच्या हाताने जोडला होता. मुहूर्ताला महाराजांनी बटण दाबलं. पंखा फिरला, लाल दिवा लागला, पडदा मात्र तव्यासारखा काळा. आतून आवाज आला, पीं, पीं, पीं. थोडं थांबून पुन्हा तीनदा.

"आरं, रडतंय का काय ते?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"तरी मी म्हणलं व्हतं, शनवारी नको!" सतीशची आई चतुराबाई.

उद्घाटनाला आलेला महाराज आणि त्याच्या हाताने बंद पडलेलं यंत्र! दुसरा कुणी असता तर चपला शोधल्या असत्या. महाराजांनी डोळे मिटले.

"चतुराबाई, या जाग्यावर आधी काय व्हतं?"

"मेंढरं बसायची, म्हाराज. लई वर्सांमागं."

"तीन मुकी जनावरं हितं अवेळी गेली. म्हणून आवाज तीन. आता बघा, याच्यात विंडोज टाकतेत. विंडोज म्हणजे खिडक्या. दाराची पूजा केली तुमी, खिडक्यांची केली का? मग आत काय शिरणार? वारंच!"

गर्दी हळहळली. खिडक्यांचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"म्हाराज, मी एकदा उघडून बघतो," सतीश चाचरत म्हणाला, "मेमरी नीट बसली न्हाई तर..."

"खबरदार! उघडलं तर ते घरात शिरंल!"

चतुराबाईने लेकाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून कमरेला खोचला. विषय संपला.

मग महाराजांनी आपलं भगवं उपरणं संगणकाच्या डब्यावर पसरलं, उजवा हात उपरण्याखालून मागे नेला आणि पुटपुटायला लागले. आवाज बंद. पंखा बंद. दिवा बंद.

"दाब आता बटण."

सतीशने दाबलं. एकदा, पाचदा, दहादा. काही नाही.

"बांधलंय त्याला. आता सोडतो." पुन्हा हात उपरण्याखाली, पुन्हा पुटपुट. "दाब!" पीं, पीं, पीं.

बायकांनी पदर सावरून हात जोडले. दुसऱ्या खेपेला पुरुषांनी. तिसऱ्या खेपेला चाळीस व्हिडिओ बघितलेल्या सतीशनेही जोडले.

"उपाय, म्हाराज?"

"जनावराच्या बदल्यात जनावर. काळा मेंढा, बिनखोटीचा. आजच शिवेत आलाय, मला दिसतोय."

दिसणारच. येताना गाडीची काच खाली होती.

"माझ्या गाडीत चढवा. मठावर उतारा करतो. पाचच्या आत यंत्र बोलंल."

सगळ्या माना हरिबाकडे वळल्या. "हरिबा, पोरीचंच भलं हाय त्यात. दे की," भगवानराव म्हणाले. भगवानरावांच्या दावणीला चार म्हशी होत्या, चारही काळ्या. पण त्या महाराजांना दिसल्या नव्हत्या. भगवानराव महाराजांच्या मठात पुढच्या ओळीत बसत.

"आबा, मेंढा देऊ नका," अंजूने बापाची घोंगडी ओढली. "मी दीपमाला मॅडमला फोन लावलाय. तास संपला की निघते म्हणल्यात." दीपमाला मॅडम पाटोद्याला कॉम्प्युटर शिकवायच्या. सतीशही त्यांच्याच हाताखालून गेलेला, पण शेवटचा महिना बुडवून.

"आन् न्हाई आल्या तर?" हरिबा म्हणाला. मेंढ्यावाचून कळपाचं एक वरीस वाया जाईल, हे तो धरून चालला. अर्ज चुकला तर पोरीचंही वरीसच. कळपाचं वरीस पुन्हा येतं. तो निघाला, मेंढरांच्या तळावर गेला आणि मेंढ्याला दावं लावून घेऊन आला.

येईस्तोवर साडेतीन झाले. दुकानात उशिरा आलेल्यांसाठी बांधणं-सोडणं पुन्हा चालू होतं. हरिबा मेंढा बाहेर ठेवून, दावं धरून दारातच थांबला आणि महाराजांकडे बघू लागला. तोंडाकडे नाही, हाताकडे.

सवयच तशी. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल रुमाल टाकतो, घेणारा त्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून भाव ठरतो. वर दोघेही हवापाण्याच्या गप्पा मारतात. ज्याने वरचं तोंड बघितलं तो फसला. हरिबा चाळीस वर्षं रुमालावरची मनगटं बघत आला होता. कोणती शीर हलली की कोणतं बोट दाबलं, हे तो झोपेतही सांगेल.

महाराजांचं मंत्राचं तोंड चालूच होतं. पण यंत्र गप व्हायच्या नेमक्या क्षणी मनगटाची शीर एकदाच टचकन उडाली. सोडतानाही तशीच. मंत्र लांबला तरी यंत्र शिरेवरच थांबायचं.

"म्हाराज," हरिबा पुढे झाला, "मेंढा देतो. पर जल्माचं जनावर हाय. एकदा मलाबी रुमालाखाली हात घालू द्या."

"वेडा झालास का? भस्म होशील!"

"झालो तर मेंढा फुकटच तुमचा."

लोक हसले. आणि हसलेल्या लोकांपुढे महाराजाला नाही म्हणता येत नाही. हरिबाने अंजूकडे दावं दिलं, उपरण्याखालून डब्यामागे हात नेला, चाचपला. बोटाला एक लहानसं बटण लागलं, घरातल्या दिव्याच्या बटणासारखंच. मंत्र त्याला येत नव्हते. मेंढरांना हाकायची हाळी येत होती.

"हर्रर्र... हाऽ हाऽ!"

यंत्र गप.

"सतीश, दाब बे!" सतीशने दाबलं. काही नाही. "आता सोडतो बरं का. हर्रर्र!" पीं, पीं, पीं. बाहेरून मेंढ्याने ओ दिली.

दुकान हशाने भरून गेलं. हरिबाने उपरणं ओढून काढलं. डब्याच्या मागे, जिथे वीज आत शिरते, तिथे चालू-बंदचं काळं बटण साऱ्यांसमोर उघडं पडलं. ते मागून बंद केलं की पुढचं बटण शंभरदा दाबा, वीजच नाही.

"म्हाराज," हरिबा शांतपणे म्हणाला, "सिरसाळ्याच्या बाजारात मी तुमाला पंखे दुरुस्त करताना पाहिलंय. दाढी नव्हती तवा. म्हणून वळखायला येळ लागला."

"पर मग ते रडतंय कावून?" चतुराबाईने विचारलं. प्रश्न रास्त होता. लबाडी उघडी पडली म्हणून यंत्र सुरू होत नसतं. घड्याळात चार वाजले होते.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. दीपमाला आत आली, सगळ्यांना "जय भीम" केला आणि आवाज ऐकत क्षणभर थांबली.

"याची पुस्तिका कुठाय?"

सतीश इकडेतिकडे बघू लागला. पुस्तिका पूजेच्या पाटावर होती, हळदी-कुंकू लावून, वर नारळ ठेवलेली. दीपमालाने नारळ उचलून पान उघडलं आणि सतीशला मोठ्याने वाचायला लावलं. तीन आवाज म्हणजे मेमरी सापडत नाही.

महाराज हलके हसले. "बाई, तुमचा देवावर विश्वास न्हाई."

"माझा या तीन आवाजांवर आहे, महाराज. सुरू होताना हे यंत्र स्वतःलाच तपासतं आणि कुठं दुखतं ते सांगतं. ते रडत नव्हतं, पत्ता सांगत होतं. काकू, तो स्क्रू-ड्रायव्हर द्या."

तिने आधी वायर काढली, मग डबा उघडला आणि आतून मेमरीची बोटभर लांब हिरवी पट्टी ओढली. पट्टीच्या कडेला सोनेरी दात, आणि दातांवर लालभडक लेप.

"काकू?"

चतुराबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "जोडायच्या आधी समद्या भागांना कुकू लावलं, बाई. ह्ये सोन्याचं दिसलं, म्हणून याला दोन बोटं जास्त. तेलात कालवून."

"आन् मी मुहूर्त गाठायच्या घाईत न बघताच बसवली," सतीश म्हणाला.

"या दातांतून वीज जाते, काकू. मधे तेलकट कुंकू आलं की जात नाही. एवढंच झालंय. कुंकू तुमच्या कपाळाला शोभतं. याचे दात कोरडे ठेवा." आणि वळून, "अंजू, खोडरबर आहे?"

अंजूने कंपासपेटीतून काढून दिलं. दीपमालाने कापडाने लेप पुसला, खोडरबराने दात चकचकीत होईपर्यंत घासले आणि पट्टी शेजारच्या स्वच्छ खाचेत बसवली. वायर लावली. मागचं बटण चालू केलं.

"सतीश, आता पुढचं."

एकच छोटा आवाज आला आणि पडदा निळा झाला. विंडोज शहरातल्या दुकानदाराने आधीच भरून दिली होती. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे अंजूचे कागद चढताना बघत उभे राहिले. चार बावन्नला पावतीचा क्रमांक आला. अंजूने तो दोनदा वाचला, मग बापाला वाचून दाखवला. हरिबाला वाचता येत नव्हतं, तरी त्याने मान घालून तो आकडा नीट बघून घेतला.

महाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. गाडीची काच मात्र आता वर होती.

आता हिशेब. तीन वेळा रडलेलं यंत्र खरं बोलत होतं आणि मंत्र म्हणणारा खोटं, एवढं कळायला गावाची दुपार गेली. तुमच्या घरी पंखा थांबला, म्हैस आटली, लेकराला ताप आला, तर उपरण्याखाली काय चाललंय ते आधी बघा. आणि त्याच्याही आधी नारळ उचलून पुस्तिका वाचा. नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा. त्याला मेंढा लागत नाही.

शाल महाराजांनी नेली. पाच नारळ चतुराबाईने फोडून गावाला वाटले, भगवानरावांना दोन तुकडे मिळाले. मेंढा चारही पायांवर तळावर परतला. खर्ची पडलं ते खोडरबर, अर्धं झिजलेलं आणि लाल. ते भरलं अंजूने. सगळ्या दुकानात चमत्कार न मागणारी ती एकटीच होती.