ठमाबाईची लाट

"देवराम, आता मी जा काय सांगतो ना, त्यावर तुजा इस्वास बसाचा नाय. कोनाचाच बसाचा नाय," परशुराम भोईर म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसला.

"भावोजी, तुमच्या कंच्या गोष्टीवर आजपरत बसलाय?" देवराम म्हणाला.

देवराम हा ठमाबाईचा धाकटा भाऊ. डोंबिवलीहून बहिणीला बघायला आला होता. तिला आवडते म्हणून सुकी वाकटी मासळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती आणि बाळकुमच्या त्या नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर वर आलेली माणसं त्या वासाने एकेक करत आधीच्याच मजल्यांवर उतरून गेली होती.

ठमाबाई खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. भाऊ आला तेव्हा तिने डाव्या हाताने त्याचा गाल चाचपला होता, डोळ्यांत पाणी आणलं होतं, पण तोंडातून शब्द नाही. होळीच्या आदल्या आठवड्यात तिला झटका आला, तेव्हापासून हे असंच. आता गणपती तोंडावर आले होते. ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, डाव्या हाताने ती जेवतही होती. बोलणं तेवढं गेलं होतं.

आता परशुरामच्या घरात बोलणं जाणं म्हणजे नेमकं काय गेलं, हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

परशुराम हा जुन्या बाळकुम गावातला नामांकित थापाड्या. मिठागरं होती तेव्हा मिठागरात, मग भाताची शेतं बिल्डरला गेली तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात, आणि आता सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, माणूस तोच आणि थापाही त्याच. येऊरच्या जंगलातला वाघ एकदा त्याच्या मिठागरात उतरला होता. मीठ चाटून चाटून त्याला अशी तहान लागली की तो परशुरामच्या हातातल्या तांब्यातून पाणी प्यायला आणि जाताना त्याने शेपटीने नमस्कार केला. ही गोष्ट हळदीच्या मांडवात रंगात आली, माणसं पुढे सरकून बसली, की बायकांच्या घोळक्यातून एक शांत आवाज यायचा.

"खोटा. कुत्रा व्हता."

झालं. हशा पिकायचा, परशुराम हात झटकायचा, चहा फिरायचा. ठमाबाईचं ‘खोटा’ आलं की गोष्ट संपली असं अख्ख्या गावाने धरलेलं होतं. तिच्या आवाजात राग नसायचा. भाताची पेज उतू जायला लागली की बाई हात पुढे करून झाकण सरकवते, तसं ते होतं. आणि परशुरामही, खरं सांगायचं तर, त्या शब्दाच्या भरवशावरच थापा मारायचा. कुठे थांबायचं याची काळजी त्याने जन्मात कधी केली नाही. ते काम बायकोकडे होतं.

ती गप्प झाली आणि त्याच्या गोष्टींना शेवट राहिला नाही. वाघ पाणी प्यायचा, नमस्कार करायचा, परशुराम सवयीने जरा थांबायचा. खिडकीकडून काही यायचं नाही. मग वाघाला पिल्लं व्हायची, पिल्लं नातवंडांसोबत शाळेत जायची, पाहुणे घड्याळ बघायला लागायचे. परशुराम बोलतच राहायचा. बांधाची उघाडी, म्हणजे पाणी अडवायची झडप, लावायला माणूस नसला की उधाणाचं खारं पाणी शेतात नुसतं शिरत राहतं, तसं.

वर्तकनगरहून रसिका नावाची मुलगी यायची, ठमाबाईला बोलायला शिकवायला. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कप, चावी, केळं. "आजी, हे काय आहे, सांगा बरं." ठमाबाई केळ्याकडे बघायची, मग रसिकाकडे बघायची आणि मान खिडकीकडे वळवायची. सात मुलांची बाळंतपणं बघितलेल्या बाईला केळं दाखवणं तिला पटत नसावं.

एकदा रसिकाने विचारलं, "आजी घरात सगळ्यात जास्त काय बोलायच्या? सवयीचा शब्द कधीकधी आधी सुटून येतो. कुणाच्या तोंडून देवाचं नाव येतं, कुणाच्या शिवी."

नात दिशा म्हणाली, "आजी फक्त आजोबांना खोटं पाडायची."

रसिका हसली. पण दाराशी चप्पल घालताना तिने परशुरामला हळूच सांगितलं, की सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं परत येतं तेवढं येतं, पुढे वेग कमी होत जातो. "तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी, काका."

परशुरामला दुसरं येत काय होतं? त्याने त्या दिवसापासून घरात थापांचा कारखानाच काढला. वाघ झाला, कोपरीच्या मावशीचं भूत झालं, खाडीतला माणसाएवढा निवटा मासा झाला. ठमाबाई ऐकायची. कधी डोळ्यांनी हसायचीही. आणि पुन्हा बाहेर बघायची.

आज त्याने ठरवलं होतं, गोव्याची गोष्ट काढायची.

"गेल्या दिवालीत पोरानी आमाला गोव्याला नेला, तुला म्हायतीच हाय," तो देवरामला म्हणाला. "तिथं समुद्रात फली टाकतात. लांब, दरवाज्याएवरी. तिच्यावर उबा राहाचा आनि लाटंबरोबर कडंला याचा. या दिशानी क्लास लावलेला."

"सर्फिंगचा," दिशा आतून येत म्हणाली. ती कॉलेजला होती, आज सुट्टी म्हणून घरी.

"तेच ता. शिकवनारा मना बोलला, बाबा, तुम्ही नको. मी बोललो, मी खारीत जन्माला आलेला मानूस हाय. तू तुजी फली सांभाल."

इथपर्यंत खरं होतं.

यापुढे खरं काय झालं होतं ते असं. कानात बाळी घातलेल्या त्या शिकवणाऱ्याने आधी सगळ्यांना कोरड्या वाळूत फळीवर पालथं पाडलं. हातांनी वाळू मागे सारायची, छाती उचलायची, गुडघा पोटाशी, पाय रोवायचे, उभं राहायचं, समोर बघायचं. वाळूत परशुराम छान उभा राहिला. कमरेवर हात ठेवून आजूबाजूला बघूनही घेतलं. पाण्यात मात्र गुडघा पोटाशी येईपर्यंत लाट निघून जायची, नाहीतर फळी निघून जायची आणि परशुराम राहायचा. पायाला बांधलेल्या दोरीने फळी परत यायची ती डोक्यात. नाकातोंडात एवढं पाणी गेलं की त्याला आपलं जुनं मिठागर आठवलं. शेवटी तो वाळूत येऊन बसला आणि ‘इथली लाट बरोबर नाय’ असं म्हणाला.

ठमाबाई तोवर सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल राखत बसली होती. तिने चपलांची पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि पाण्यात गेली. शिकवणाऱ्याने विचारलं, "आजी, तैरना आता है?" ती म्हणाली, "तू फली पकड, बास." पालथं पडणं वगैरे तिने केलंच नाही. आधी गुडघ्यांवर बसली, जात्याशी बसावं तशी. फेसाळ, कमरेएवढी लाट आली, त्याने फळी ढकलली आणि ठमाबाई उठली. जशी डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ओल्या बांधावरून उठायची तशी, मान ताठ, पायांकडे न बघता. तशीच उभी वाळूपर्यंत आली. एसटीतून उतरावं तशी खाली उतरली आणि म्हणाली, "मना चाय पायजे."

फोटो नाही. बाकीचे लांब पाण्यात. दिशा तेव्हा नेमकी दुसऱ्या लाटेखाली होती, वर आली तेव्हा आजी चालत वाळूवर येताना दिसली. मोबाइल सगळे पिशवीत, पिशवी परशुरामच्या मांडीवर, आणि परशुरामला त्यातला एकही उघडता येत नव्हता. म्हणजे बघितलं ते त्याने आणि त्या कानबाळीवाल्याने.

परत आल्यावर परशुरामने ही गोष्ट बाळकुमच्या ओट्या-ओट्यावर सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता. अर्थातच कुणाचा विश्वास बसला नाही. लोक ठमाबाईला विचारायचे, "खरा काय गं?" ती पदर सारखा करायची आणि म्हणायची, "हां. खरा हाय." तीही आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याच्या बाजूने बोलत होती. लोक म्हणाले, आता म्हातारीलाही लागण झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना ती मधेच हात थांबवून बसायची आणि परशुरामला कळायचं, कुठे आहे ते.

ती लाट तिची होती. वाघ, भुतं, मासे सगळे त्याचे, पण ती लाट तिची. म्हणून इतके महिने घरात एवढ्या थापा झाल्या, तरी गोव्याला त्याने हात लावला नव्हता.

"मंग काय," परशुराम म्हणाला, "लाट आली. कवरी? हा आपला टॉवर हाय ना, येवरी. मी फलीवर उबा. एका हातानी मिशी सारखी करतो."

देवराम गोंधळला. "तुमी? मागं तर ताई उबी ऱ्हायली म्हनून सांगत व्हतात."

"तवा तिचा मान ठेवला. बायको हाय. आता खरा सांगतो."

"आजोबा," दिशा म्हणाली.

"तू चाय ठेव."

"नाही ठेवत. ते आजीचं आहे."

"मोठी मानसं बोलतात तवा..."

"ते आजीचं आहे, आजोबा. तुम्ही काय पण घ्या, ते नका घेऊ."

देवराम खाली बघायला लागला. परशुरामने नातीकडे बघितलं नाही. खिडकीकडेही सरळ बघत नव्हता, डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढं लक्ष ठेवलं होतं. ठमाबाई त्याच्याकडे बघत होती. एवढंच. येऊरच्या वाघाची गोष्ट ऐकताना बघायची तशीच.

"फलीखालून दोन डॉल्फिन," तो म्हणाला. "एक हिकरं, एक तिकरं. कडंला रशियन लोक टाल्या वाजवतात. तो शिकवनारा माज्या पाया परला. बोलला, गुरू तुमी, मी चेला."

"बस झालं ना पण," दिशा म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

डॉल्फिनांनी काही झालं नाही. रशियनांनीही नाही. परशुराम थांबला. घरात पंख्याचा आवाज होता आणि खालून कुणीतरी गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी. त्याला एकदम कळलं की आपण चुकतोय. टॉवरएवढी लाट आणि डॉल्फिन, असल्या थापा ठमाबाईला पाठ होत्या. थाप जेवढी मोठी, तेवढी ती त्याची, घरची. अशा थापेवर ती रागवेल कशाला? रागवण्यासारखी थाप लहान असते. खऱ्याच्या अगदी शेजारी बसणारी. अशी थाप त्याने कधी मारलीच नव्हती, कारण तिच्यात मजा काही नसते.

त्याने घसा साफ केला. या वेळी हातवारे केले नाहीत. नेहमीच्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं म्हणाला,

"आनि ही तुजी ताई. मी किती बोललो, ये, फलीवर बस तरी. नाय आली. पान्याला घाबरली. चपला सांभालत वालूत बसून ऱ्हायली, आमी परत येयपरत."

देवरामने मान डोलावली. हे त्याला पटण्यासारखं होतं. म्हातारी बाई, समुद्र, भीती. "घाबरनारच," तो म्हणाला. "या वयात कोन जाईल."

खुर्चीच्या दांड्यावर हाताची थाप पडली. डाव्या हाताची.

दिशा वळली. ठमाबाईच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. ओठ एका बाजूला ओढले जात होते, परत येत होते. घशातून घरघर आली, जड दगड ओढताना जमिनीचा येतो तसा आवाज. डोळे परशुरामवर रोखलेले. त्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"ख," ती म्हणाली. मग श्वास घेतला. मग पुन्हा, "खो."

दिशा पुढे धावणार होती. परशुरामने हात आडवा करून तिला थांबवलं.

"खो...टा."

देवराम उठून उभा राहिला होता. त्याच्या हातातला पाण्याचा पेला सतरंजीवर पडला, तो कुणी उचलला नाही. गेली पन्नास वर्षं या शब्दावर परशुराम जे करत आला तेच त्याने केलं. हात झटकला, तोंड वाकडं केलं आणि भांडायला बसल्यासारखा तिच्याकडे वळला.

"काय खोटा? आं? मी नाय, तर मंग कोन उबा व्हता फलीवर?"

ठमाबाईने डावा हात दांड्यावरून उचलला आणि आपल्या छातीवर ठेवला.

"मी."