ताईने बांधलेला बार

माझ्या ताईच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं, की तिला समजवायला गेलेला माणूस हातोडी घेऊन परत येतो. हा माझा स्वानुभव आहे. म्हणून घरातल्या अडगळीच्या खोलीत टिकी बार बांधायचं तिने जाहीर केलं, तेव्हा मी नुसतं नाक मुरडलं आणि मापाची टेप शोधायला गेलो.

टिकी बार म्हणजे बेटावरच्या झोपडीसारखा सजवलेला बार. बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर, मंद दिवे, लाकडात कोरलेले उग्र चेहरे. भावोजींनी उमेदीची सगळी वर्षं प्रवासी जहाजावरच्या अशाच एका बारमागे काढली. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका पाहुणीच्या अंगावर भरलेला ग्लास सांडला आणि ते घरी परतले. तेव्हापासून तो हात खिशात. चारचौघांत चहाचा कपसुद्धा उचलत नसत. आम्हीही मायेने त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं, भाजी चिरण्यापासून बल्ब बदलण्यापर्यंत. ताईला त्यांना पुन्हा काउंटरमागे उभं करायचं होतं. बाकी सगळं निमित्त होतं.

ताई दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. केसभर फरकावरून डॉक्टरांशी हुज्जत घालणारी बाई ती, खोलीला कशी सोडेल? बांबूच्या चटया अशा ठोकल्या की एक खिळा दिसेल तर शपथ. छपराचं गवत पेटू नये म्हणून औषधात बुडवून गच्चीत वाळवलं. काउंटरची कड घासून घासून इतकी गुळगुळीत केली, की मी खोट काढायला बोट फिरवत राहिलो आणि शेवटी नाद सोडला. बहीण म्हणून नव्हे, कारागीर म्हणून तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

मुखवटे मात्र फसले. चेहरे उग्र हवे होते, पण सवयीने तिने प्रत्येकाला वरखाली नीट जुळणारे सुरेख दात दिले. भावोजी दारात येऊन बघत राहिले. "हे कसले घाबरवतायत? हे तर कवळी नीट बसली का ते दाखवायला आलेत," म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले. जाता जाता खिडकी झाकायलाही सांगून गेले. बारमधून बाहेरचा उजेड दिसला की माणसाला घर आठवतं म्हणे. ताईने लगेच खिडकीवर चटई लावली.

पण उंबऱ्याच्या आत यायला ते तयार नव्हते. शेकर, म्हणजे पेयं आणि बर्फ एकत्र हलवायचं स्टीलचं भांडं, हातातून निसटेल अशी त्यांना धास्ती. ताईने त्यावरही उपाय काढला. भावोजींच्या पकडीचा साचा घ्यायचा आणि शेकरला तशीच मूठ बसवायची. कसंबसं मन वळवून तिने त्यांना आत आणून स्टुलावर बसवलं. दातांची मापं घेतात तो गुलाबी लगदा शेकरभोवती थापला, मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या हातात तो दिला आणि पेशंटला सांगते तसं सांगितलं, "हलू नका."

हात हलला, साचा बिघडला. नवा लगदा, पुन्हा "हलू नका", पुन्हा तेच. ती जितकं बजावत होती तितका हात जास्तच थरथरत होता. शेवटी भावोजींनी शेकर खाली ठेवला.

"सोड आता," ते म्हणाले. "खोली छान झाली आहे. बघायला ठेवू."

ते दाराकडे निघाले. ताईने तेवढ्यात शेकरवर पुढचा लगदा थापला होता, त्याकडे ती नुसती बघत राहिली. मला तिचं ते तोंड बघवेना. राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. तावातावाने मी काउंटरमागे गेलो, शेकरमध्ये अननसाचा रस आणि बर्फ ओतला, झाकण लावलं आणि औषधाची बाटली हलवावी तसा तो वरच्या झाकणाला धरून हलवू लागलो.

भावोजी दारातच थांबले. त्यांना ते सहन होईना.

"अरे, असा धरतात का? दे इकडे."

माझ्या हातातून शेकर घेऊन त्यांनी तो खांद्याशी उचलला. उजव्याच हाताने. बर्फ एका लयीत वाजू लागला. इतकी वर्षं हा माणूस काय करत होता, ते मला त्या दिवशी कळलं.

ते थांबले तोवर लगदा घट्ट झाला होता. ताईने शेकर दिव्याखाली धरला. भावोजींची पाचही बोटं लगद्यात स्वच्छ उमटली होती, नखाची कडसुद्धा. हात नुसता ठेवला की जास्त थरथरतो आणि कामाला लागला की सावरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं होतं आणि मायेपोटी विसरलो होतो.

"आणि मी मेली हलू नका म्हणत बसले," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

भावोजींनी रस ग्लासात ओतला. दोन थेंब बाहेर सांडले. ते त्यांनी सवयीने फडक्याने पुसले, ग्लास ताईपुढे सरकवला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं मला विचारलं,

"बसा ना. तुम्हाला काय देऊ?"