तिसऱ्या ओळीतली जागा

"थांबलास," ताई म्हणाली. "परत तिथंच थांबलास."

त्याने व्हायोलिन खांद्यावरून उतरवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसून त्याची मोठी बहीण मटार सोलत होती. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भावाकडे राहायला आल्यापासून तीच एक ओळ ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती.

"मी नाही थांबलो. हात थांबला."

"हात काय शेजाऱ्याचा आहे? सांग त्याला."

सांगून पाहिलं होतं. पायाने ताल धरून पाहिला, डोळे मिटून पाहिलं. त्या जागेशी आलं की गज आपोआप तारांवर थबकायचा, आणि त्या थबकण्यात पाठीमागे कोणीतरी श्वास घ्यायचं. तो वळून पाहायचा नाही. मागे भिंत आहे आणि भिंतीला कॅलेंडर आहे, हे त्याला ठाऊक होतं.

गाणं वाद्यवृंदाच्या मास्तरांनी स्वतः बांधलेलं होतं, संथ आणि लांब दमाचं. दर रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये हौशी माणसं जमायची. कोणी पोस्टातलं, कोणी बँकेतलं, कोणी दवाखान्यातलं. तो बस डेपोत ब्रेकचं काम करायचा आणि तिथे व्हायोलिन वाजवायचा. त्याची बायको गायची. गाण्याची तिसरी ओळ एका दमात घ्यायची होती. सुरुवातीची वर्षं ती घ्यायची, वर सगळ्यांकडे बघून हसायची. पुढे ती कामाला होती त्या कापड गिरणीच्या पिंजण खात्यातला उडता कापूस तिच्या छातीत बसत गेला आणि ओळीच्या मध्यावर तिचा दम संपायला लागला. मग ती तिथे एक श्वास घ्यायची, ऐकू येईल असा. तेवढा वेळ तो गज थांबवायचा. कोणी ठरवलं नव्हतं. मास्तरांनीही टोकलं नाही. हळूहळू अख्खा वाद्यवृंद तिथे थांबायला लागला, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की गाणंच तसं आहे.

ती गेल्यावर तो हॉलकडे फिरकला नव्हता. आणि वर्षाहून जास्त गैरहजर राहील त्याने पुन्हा परीक्षा द्यायची, असा नियम होता. व्हायोलिनवाल्यांना परीक्षेला हेच गाणं असायचं.

"नियम कसले घेऊन बसलास," ताई म्हणाली. "मास्तरांना जाऊन भेट. तुझं घरातलं सगळं बघितलंय त्यांनी. नाही म्हणतील होय?"

"नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच जात नाही."

परीक्षा पडद्याआड व्हायची. पडद्याच्या अलीकडे वाजवणारा आणि साथीचा पियानो, पलीकडे तीन परीक्षक. हा पडदा त्याच्या बायकोनेच लावायला लावला होता. मास्तरांचा भाचा बासरी नुसतीच फुंकत वाद्यवृंदात शिरला, तेव्हा ती भर सभेत उठून म्हणाली होती, "कान आहेत ना तुम्हाला? मग डोळे कशाला वापरता?" वाजवणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि चपला दाराबाहेर काढायच्या, कारण चालीवरूनही माणूस ओळखू येतो. ही चपलांची पुस्तीसुद्धा तिचीच.

तो तिसऱ्या ओळीत थांबला, तर पडदा असून नसल्यासारखाच होता. पलीकडच्यांनी त्याला तिथल्या तिथे ओळखलं असतं, डोळे पुसले असते आणि घेतलं असतं. तसली खुर्ची त्याला नको होती. पण खुर्ची तर हवी होती. रविवारची सकाळ घरात काढणं आता त्याच्याच्याने होत नव्हतं.

भीती त्याला नवी नव्हती. प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याची बोटं गार पडायची. बायको ती आपल्या हातात घेऊन चोळायची, नखांतलं ग्रीस काडीने काढायची आणि म्हणायची, "अख्ख्या बसखाली झोपतोस तेव्हा घाबरत नाहीस. आणि माणसं खुर्चीत नुसती बसली तर तुझी बोबडी वळते." तो म्हणायचा, "बस टाळ्या वाजवत नाही." तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं जायचं. भीती राहायचीच, पण बोटं ऊबदार झालेली असायची.

या वेळची भीती वेगळी होती. सूर विसरण्याची नव्हती, हात आठवणीने थांबेल याची होती.

डेपोत जेवणाच्या सुट्टीत तो व्हायोलिन घेऊन गाड्यांखालच्या खड्ड्यात उतरायला लागला. वर एखादी बस उभी असायची, खाली तेलाचा वास आणि जाळीचा दिवा. तिथे ती कधी आलेली नव्हती. पहिल्याच दिवशी तिथे ओळ सरळ पार पडली. तो इतका दचकला की पुढचं वाजवायचं विसरला.

वरून वेल्डरने डोकं खाली घातलं. "काय हो ब्रेकवाले, थांबलात का?"

"झाली ओळ."

"मग तोंड असं का? गाडीनं ब्रेक धरला नाही तरच तुमचं तोंड एवढं पडतं."

"तसंच झालंय काहीसं."

वेल्डरला काही कळलं नाही. त्याने खिशातून लिमलेटची गोळी काढून खाली टाकली. "परीक्षेला जाताना तोंडात ठेवा. माझी बायको लायसन्सच्या वेळी हेच करून पास झाली. तिनं खांबाला गाडी लावली, ते सोडा."

त्यानंतर खड्ड्यात तो रोज ती ओळ थांबल्याशिवाय वाजवायचा, आणि संध्याकाळी घरी आला की स्वयंपाकघरात गज पुन्हा थबकायचा. दिवसा जे काढून टाकलं, ते संध्याकाळी घरात त्याच्या आधी येऊन बसलेलं असायचं. एका संध्याकाळी मात्र गज सरळ गेला. मागे कोणी श्वास घेतला नाही. ताईने मटारातून मान वर केली. "जमलं की रे," ती म्हणाली. तो व्हायोलिन पुसत बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. ताईनेही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं.

परीक्षेच्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर चारपाच जण बसले होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्याने गोळी तोंडात ठेवली, बोटं काखेत धरली. काखेत धरून काही बोटं गरम होत नाहीत. त्याच्या नंबराची हाक आली तेव्हा त्याने चपला काढल्या. फरशी गार होती.

पियानोशी अण्णा बसले होते. पोस्टात तिकिटं विकून निवृत्त झालेले, वाद्यवृंदाचे सुरुवातीपासूनचे साथीदार. त्यांनाही बोलायला बंदी होती. त्याला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या आणि मग त्यांनी घाईघाईने स्वरांच्या कागदात डोकं घातलं. मध्ये निळा जाड पडदा. पलीकडून कोणाच्या तरी खुर्चीची करकर.

त्याने मान हलवली. अण्णांनी सुरुवात केली.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला बोटं सैल झाली. तिसरी ओळ सुरू झाली आणि त्याला आपल्या छातीचे ठोके हनुवटीखालच्या लाकडात ऐकू यायला लागले. ती जागा आली. त्याने खड्ड्यातला जाळीचा दिवा डोळ्यांपुढे आणला आणि गज ओढत नेला.

थांबले ते अण्णा.

त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले गेले आणि हवेत राहिले, वर्षानुवर्षं राहायचे तसे. व्हायोलिन एकटंच पुढे गेलं, उघडं, खाली काही आधार नसलेलं. अण्णांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. ते भलत्याच जागी शिरले, सूर एकमेकांवर आपटले, आणि दोघेही थांबले.

पडद्यापलीकडे कोणी हललं नाही. परीक्षेत इतरांना साथ करताना अण्णा लिहिल्याप्रमाणे सरळ जायचे; ज्याला बघून त्यांचे हात तिथे असे उचलले जातील असा माणूस एकच होता. पडदा आता नुसतं कापड होतं.

बऱ्याच वेळाने मास्तरांचा आवाज आला. "पुन्हा घ्या. तिसऱ्या ओळीपासून." मग जरा थांबून, हळू, "तुमच्या सवयीप्रमाणे घेतलं तरी चालेल."

अण्णा त्याच्याकडे बघत होते. डोळे भरलेले, हात पट्ट्यांच्या वर तयार. त्यांना थांबायचं होतं. पलीकडे मास्तरांनाही थांबायचं होतं. त्याने नुसती मान डोलावली असती, तर सगळे मिळून तिथे एकदा थांबले असते, आणि ती श्वास घेईपर्यंत कोणी घाई केली नसती. खुर्ची तर मिळणारच होती.

कान आहेत ना तुम्हाला.

त्याने नाही म्हणून मान हलवली. गजाच्या टोकाने अण्णांच्या पुढ्यातल्या कागदाकडे बोट दाखवल्यासारखं केलं: लिहिलंय तसं.

या वेळी अण्णांनी पट्ट्यांकडे बघितलंच नाही. गजावर डोळे लावून बसले. ओळ सुरू झाली, चढली, ती जागा आली आणि गेली. कोणी श्वास घेतला नाही. त्याने गाणं शेवटपर्यंत वाजवलं, वाद्य पेटीत ठेवलं, आणि पेटीची कडी लागेना म्हणून नुसतीच बगलेत धरून बाहेर आला.

मास्तर व्हरांड्यात आले ते सगळ्यांचं संपल्यावर. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढूनही घेतला. "घेतलंय तुम्हाला. मी आणि दुसऱ्या परीक्षकांनी मत दिलंच नाही, तुम्हाला ओळखल्यावर आम्हाला तोंडच नव्हतं द्यायला. तिसऱ्या बाई नव्या आहेत, त्यांना काही ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, व्हायोलिन दोन्ही वेळा बरोबर होतं, तुमचा पियानोवाला बदला."

"अण्णांना सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? ऐकलंय त्यांनी. तेव्हापासून कपाळाला हात लावून बसलेत."

अण्णा त्याच्याबरोबर चौकापर्यंत चालत आले.

"हात आपोआप उचलले गेले रे," ते म्हणाले. "मी काही ठरवून नाही."

"माहितीये अण्णा."

"सगळेच थांबायचे तिथं. तो ट्रम्पेटवाला तर रुमाल काढून तोंड पुसून घ्यायचा. एकदा तर शिंकून घेतलंन त्यानं तेवढ्यात."

"आणि ती चिडली होती."

"चिडली? गाणं संपल्यावर त्याला म्हणाली, माझ्या श्वासात तुझी शिंक नको." अण्णा हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत उभे राहिले. "आता रविवारपासून सगळ्यांना सांगावं लागेल. थांबू नका म्हणून."

"मी सांगतो."

"तू नको. मी सांगेन."

ते वळले. तो पुढे निघाला.

इमारतीचा जिना दुपारच्या वेळी रिकामा होता. ताई दार उघडं ठेवून वाट बघत असणार, आणि काय झालं हे विचारण्याआधी पाणी पुढे करणार. तो एक मजला चढला, दुसरा चढला, आणि वळणावर कठड्याशी थांबला. ती इथे थांबायची. शेवटच्या वर्षांत पिशव्या खाली ठेवून, कठडा धरून, खालच्या अंगणात कोणाचे कपडे वाळतायत ते मोठ्या आस्थेने बघत असल्यासारखं करायची, म्हणजे दम लागलाय असं कोणाला वाटू नये. तोही शेजारी उभा राहून कपडे बघायचा.

खालून शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन चढत आल्या. त्याने भिंतीला टेकून त्यांना वाट करून दिली.

"काय भाऊ, दम लागला का?"

"हो, जरा," तो म्हणाला.

त्याचा श्वास अगदी सावकाश चालला होता. काकू वर गेल्या, त्यांचं दार लागलं. अंगणात दोन चादरी आणि एक लहान फ्रॉक वाळत होता. पेटी पायांशी उभी करून त्याने कठड्यावर हात ठेवला आणि तो तिथे उभा राहिला.