गायीच्या गळ्यातला बेल्ट

घोडेगावच्या बाजारातून गाय आणली त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याचा सेफ्टी बेल्ट तिच्या गळ्यात आहे. नवरा म्हणजे वाल्मिक, काम पत्रे बसवायचं, सगळा जन्म लोकांच्या छपरावर. एका गोडाऊनच्या कामावर ठेकेदाराने तो बेल्ट दिला होता. दोरी जाड, हूक लोखंडी. "असलं दावं बाजारात न्हाई मिळायचं," म्हणत यांनी तो गायीला घातला आणि वर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शाबासकीच देणार होते. मी कपाळावर हात मारला.

शेजारच्या वस्तीवरचा श्रीमंत नावाचा पत्रेवाला गेल्या वर्षी सिमेंटच्या पत्र्यातून खाली गेला. अजून खाटेवर आहे, कूस बदलायची तरी बायको लागते. हे मी रोज सांगते. उत्तर ठरलेलं. "त्याचा पाय चुकला. माझा चुकत न्हाई." अहो, पाय चुकायची गरजच काय, जुना पत्रा चांगल्या पायाखालीही फुटतो. पण ऐकतो कोण?

परवा झुंबरबाईंच्या गोठ्याचे जुने पत्रे काढायला हे तसेच मोकळे गेले. माझी सहनशक्ती संपली. गायीला जुन्या साडीने बांधलं, बेल्ट सोडवला, त्याचं शेण धुतलं आणि तडक गोठा गाठला. हे छपरावर बसून बोल्ट काढत होते. मी शिडी उचलून आडवी ठेवली.

"जये, शिडी लाव."

"आदी बेल्ट घाला, मग लावते."

झुंबरबाईंना हसू आलं. "आगं, घटकाभराचं काम हाय. करू दे की त्याला."

"श्रीमंतला तेवढाबी येळ लागला न्हवता, मावशी."

त्यांचं हसू थांबलं. हत्यारं वर ओढायच्या दोरीला मी बेल्ट बांधला. यांनी तो तोंड वाकडं करत ओढला, अंगात चढवला आणि हूक अडकवला तो स्वतःच्याच कमरेला.

"झालं समाधान?"

"कंबर काय वर ऱ्हानार हाय का? ती तुमच्याबरोबर खालीच येनार. त्या उघड्या लोखंडी अँगलला लावा."

"लई डोकं खाती तू," म्हणत त्यांनी हूक अँगलला लावला, उठले, पाऊल टाकलं आणि पत्रा फुटला.

मी धावत गोठ्यात शिरले. हे दोरीला लटकत होते, पाय सिमेंटच्या गव्हाणीपासून हातभर वर. अंगावर धूळ पडत होती, पण जिवंत होते. मला रडू फुटलं. रडत, शिव्या घालत मी शिडी आणली आणि त्यांच्या पायाखाली लावली.

पाय टेकल्यावर यांनी पहिलं काय विचारावं?

"गाय कशानं बांधली?"

शिडी परत काढून घ्यावी असं वाटलं.

"सोडून दिली," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा पांढरा पडला.