आतल्या खोलीतला पोर्ट

"पियानो मेलाय," दादाने फोनवर जाहीर केलं. "कळा दाबून बोटं दुखली, कॉम्प्युटर ढिम्म. तू ये."

'बरी आहेस का' नाही, 'वेळ आहे का' नाही. दादाचं बोलावणं असंच, नळ सोडल्यासारखं. धाकटीने शिकवणीच्या मुलांना घरी पिटाळलं आणि माहेर गाठलं. दादासाठी नव्हे, बाबांसाठी.

बाबांनी जन्मभर गाऊन निरूपण केलं. त्यांनी डोळे मिटून पहिला सूर लावला की भरलं सभागृह श्वास घ्यायचं विसरायचं. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, जिना उतरणं संपलं होतं. म्हणून रविवारी सकाळी ते पहिल्यांदाच बैठकीच्या खोलीतून गाणार होते आणि माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरवर ऐकणार होती. साथीला दादा, त्याच्या इलेक्ट्रिक पियानोवर. पियानोचा स्वतःचा आवाज बंद ठेवायचा, सूर कॉम्प्युटरमधून काढायचे, म्हणजे ते बाबांच्या आवाजात नीट मिसळून लोकांपर्यंत जातात.

निरूपणाची सुरुवात ज्या गाण्याने व्हायची त्याची चाल दादाची, असं सगळं जग म्हणत होतं. जगाला काय कळतंय! ती चाल धाकटीची होती. आईच्या आजारपणात ती माहेरी राहिली, तेव्हा आतल्या खोलीतल्या जुन्या कीबोर्डवर तिने बाबांच्या शब्दांना ती बांधली आणि साथ दादाची म्हणून त्याला शिकवली. पुढच्या निरूपणाला तिला पोचायला उशीर झाला. चपलांच्या ढिगापाशी उभी राहते तोच बाबांचा आवाज आला, "ही चाल माझ्या मुलाची!" टाळ्यांचा कडकडाट. डोक्यांच्या गर्दीतून दादाने तिला पाहिलं आणि नजर खाली कळांकडे वळवली. चाल गेली ते ती एक वेळ विसरली असती. ती वळवलेली नजर मात्र तिच्या काळजात घर करून बसली होती.

'न्याय त्या वरच्यावर सोडा,' असं बाबा गायचे. ऐकताना तिचे डोळे दर वेळी भरून यायचे, अगदी मनापासून. पण हल्ली तिला वाटायचं, त्याला कामं फार. एवढं एक आपणच उरकून टाकावं.

"वायर बदलली, फुंकर मारली, दोन थपडासुद्धा दिल्या," दादा म्हणाला.

"थपडा कोणाला?"

"कॉम्प्युटरला. आणखी कोणाला?"

"नाही, विचारलं आपलं."

तिने सेटिंग उघडली. कळांचे सूर कोणत्या पोर्टवरून, म्हणजे जोडलेल्या कोणत्या वाद्यातून घ्यायचे, असं प्रोग्राम विचारत होता आणि खालची यादी रिकामी होती. ती क्षणभर पाहत राहिली आणि तिला हसू फुटलं. हे दुखणं फक्त याच घराला होऊ शकत होतं.

बाबांचा नियम होता, वाद्य विनाकारण जागं ठेवायचं नाही. आधी बाकीची मांडामांड, मग प्रार्थना, मग वाद्यावरचं कापड काढायचं आणि वायर जोडायची. दादा तो नियम डोळे मिटून पाळत होता. प्रोग्राम उघडायचा, प्रार्थना करायची, मग पियानो जोडायचा. आणि हा प्रोग्राम असला तऱ्हेवाईक की सुरू होताना एकदाच दाराबाहेर डोकावतो. तेव्हा जो हजर असेल तो आत. नंतर कोणी येऊन कितीही कडी वाजवा, ओळख देत नाही.

तिने प्रोग्राम बंद केला, पियानो जोडला, प्रोग्राम पुन्हा उघडला. यादीत नाव आलं. दादाने कळ दाबली आणि खोलीभर सूर पसरला.

"काय केलंस?"

"पोर्ट निवडला."

"एवढंच?"

"एवढंच. आणि हे बघ दादा, एकदा हे सुरू झालं ना, की मग..."

पण दादा ऐकायला थांबलाय कशाला? तो पलीकडच्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "लागला एकदाचा, बाबा! सोडतो की काय मी!"

"शाबास रे!" बाबांचा आवाज आला.

धाकटीने उरलेलं वाक्य गिळून टाकलं. मग वायर काढू नकोस, एवढंच तर सांगायचं होतं.

रविवारी ती सकाळीच आली. आतल्या खोलीतल्या जुन्या कीबोर्डवरची धूळ पुसली, त्याची वायर दाराखालून बैठकीत आणून कॉम्प्युटरला जोडली. दादाचा पियानोही जोडला आणि मग प्रोग्राम उघडला. यादीत दोन नावं आली. तिने दोन्हींवर खूण केली.

"हे दुसरं कसलं?" दादाने विचारलं.

"राखीव. तुझा ऐन वेळी मेला तर?"

"अशुभ बोलू नकोस गं!"

वहिनी सतरंजी अंथरत होती. तिने वायरीकडे पाहिलं, वायर जात होती त्या दाराकडे पाहिलं, मग नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं. कोपऱ्यातलं पायपुसणं उचलून तिने वायरीवर नीट पसरलं.

"मला त्या यंत्रातलं काही कळत नाही बाई," ती म्हणाली. "मी आपली स्वयंपाकघरात आहे. आवाज तेवढा मोठा ठेवा."

बाबा आसनावर बसले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणसं गोळा होऊ लागली. दादाने दोन ओळी वाजवून पाहिल्या, खणखणीत वाजल्या.

"आता झोपव त्याला," बाबा म्हणाले. "प्रार्थना होऊ दे."

दादाने वायर काढली, कापड घातलं, हात जोडले. आतल्या खोलीत धाकटीनेही हात जोडले. तिच्यापुढचं वाद्य जागंच होतं. बाबांचा नियम ती आयुष्यात पहिल्यांदा मोडत होती. 'देवा,' ती मनात म्हणाली, 'क्षमेचं उद्या बघू. आज तू नुसता ऐक.'

प्रार्थना संपली. दादाने कापड काढलं, वायर जोडली. पियानोचा दिवा लागला आणि दिवा लागला म्हणजे सगळं लागलं, असा त्याचा समज; प्रोग्रामचं दार केव्हाच बंद झालं होतं.

बाबांनी मांडीवर थाप दिली. दाराच्या फटीतून दादाची पाठ दिसत होती. त्याची बोटं कळांवर पडली त्याच क्षणी धाकटीची पडली.

काय वाजलं ते! पहिल्या कडव्याला दादा स्वतःवरच खूश. मान डोलवत, खांदे उडवत, 'आज हात काय बसलाय' अशा थाटात तो वाजवत होता. एवढ्यात चष्मा नाकावरून घसरला. तो सावरायला त्याने एक हात उचलला, आणि उचललेल्या हाताचे सूर चालूच राहिले.

दादाने हात पाहिला. मग दुसराही उचलला. दोन्ही हात हवेत, आणि पियानो गातोय! पडद्यावरची माणसं पुढे झुकली. कोणीतरी हसलं. स्वयंपाकघरात भांडं पडलं.

तिसरी ओळ आली. तिथे धाकटी सूर सरळ नेत नसे. खाली उतरून, जरा रेंगाळून वर यायची. दादाला ती मुरड कधीच साधली नव्हती, म्हणून त्याने ती सोडून दिली होती. आज ती आली आणि बाबांचा आवाज आपोआप तिच्यामागून उतरला, रेंगाळला, वर आला. त्यांनी डोळे उघडले. मुलाचे हात मांडीवर होते.

बाबा गायचे थांबले. आत धाकटीही थांबली.

"चाल कोणाची रे ही?" बाबांनी विचारलं. आवाज शांत होता, आणि माइक चालू होता.

दादाने दाराकडे पाहिलं. धाकटी उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. बोल, आता तूच बोल, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. तो नजर वळवणार होता, पण खाली मुक्या कळा होत्या, समोर पडदाभर माणसं. वळवायला जागाच उरली नव्हती.

"हिची," तो म्हणाला.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

बाबांनी स्वतःच्या कानाची पाळी पकडली. मग म्हणाले, "माझ्या तोंडून खोटं गेलं म्हणायचं, तेही निरूपणात. ये गं, इथे बस. आणि तू ऊठ. तिची गाण्याची पानं उलट."

जुना कीबोर्ड बैठकीत आला. वायर लांब होती, पुरून उरली. दादा शेजारी उभा राहिला. धाकटीने मान हलवली की त्याने पान उलटायचं. तिला ती चाल झोपेतही पाठ होती, पानांची गरजच नव्हती. तरी ती दर ओळीला मान हलवत राहिली.