लोटलेल्या दारामागचे लाडू

सासूबाई लाडू करायला घेत तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घेत, आणि सुनेच्या मनात पाल चुकचुके. लाडवात लपवण्यासारखं असतं तरी काय?

असतं. गेल्या महिन्यात लाडवातला बदामाचा तुकडा तिच्या लेकीच्या, गुंडीच्या घशात अडकला होता. एवढंसं पोर, पुढचे चार दात सोडले तर तोंडाचं बोळकंच. पाठीवर थापट्या मारून तुकडा निघाला, पण सुनेचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. तिने लाडवाची कृतीच बदलून टाकली. कणीक तुपावर मंद भाजायची, साखरेऐवजी वाफवलेला खजूर, आणि बदाम घालायचाच तर पिठासारखा दळून. सासूबाईंनी मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्यातून "आमची पोरं काय हवेवर वाढली?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सोमवारपासून सुनेची नोकरी पुन्हा सुरू होणार होती. गुंडीला आजीपाशी ठेवायचं की पाळणाघरात, हे आज ठरवायलाच हवं होतं.

दार लोटलं गेलं तशी ती बाहेर कान देऊन उभी राहिली. मिक्सर फिरला, थांबला. मग वाटीत काहीतरी पडलं. टक्.

बदाम! तोही अख्खा!

"आई, काय घालताय?"

"काही नाही गं. तू जा, गुंडीकडे बघ." आवाज बोबडा, तोंडात घास असल्यासारखा.

गुंडी तर गाढ झोपलेली. म्हणजे मला कटवतायत, सून मनात म्हणाली, आणि तिने सरळ फटीला डोळा लावला.

ओट्यावरच्या वाटीत पाणी होतं आणि पाण्यात सासूबाईंची कवळी. चिमूटभर मिश्रण त्या नुसत्या हिरड्यांनी चघळत होत्या. गाल आत गेलेले, चेहरा एकदम थकलेला. मध्येच थांबून त्यांनी जिभेवरचा एक कण बोटावर घेतला आणि चष्म्याजवळ धरला.

"अजून टोचेल पोरीला," त्या पुटपुटल्या, आणि सगळं मिश्रण पुन्हा मिक्सरमध्ये ओतलं.

बिनदातांच्या सासूबाई घरात आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या. पोटच्या मुलानेसुद्धा नाही. आजारपणातही त्या कवळी लावूनच डॉक्टरांपुढे बसल्या होत्या.

सुनेला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. ती पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथून मोठ्याने ओरडली, "आई, मी येतेय हं पाणी प्यायला!"

आणि मुद्दाम थांबून राहिली. आत वाटी घाईघाईने सरकली, खाकरल्याचा आवाज आला, मग दार उघडलं. सासूबाई बत्तिशी दाखवत उभ्या होत्या.

"ये की. होतच आलेत लाडू. तपासून बघायचेत?"

"नको," सून म्हणाली. "सोमवारपासून तुम्हीच भरवा तिला."