वाकायचं नाही, असं ठरलं होतं

मित्रांनो, मी एक जुना पोटपट्टा आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. तलवार किंवा घड्याळ आपली कहाणी सांगू लागलं की तुम्ही कान टवकारता, आणि बाळंतिणीच्या पोटावर बांधायचा सुती पट्टा बोलला की फिदीफिदी हसता. पण माझ्याशी जेवढा दगा झाला, तेवढा कुठल्या तलवारीशी झाला नसेल.

मार्गिलान गावातल्या हालिदाने मला शिवलं. तिचा नवरा वारल्यावर त्याचा रेघारेघांचा अंगरखा तिने जपून ठेवला होता. लेकीसाठी तिने त्याला कात्री लावली. आत सुती कापडाचे पदर घातले, दाट टाके मारले, दोन्ही टोकांना रुंद बंद लावले. लेकीचं नाव ओयदिन. पहिल्या बाळंतपणानंतर ती आईकडे आली होती. मुलगा जसूर, छान गुबगुबीत. पण ओयदिन उताणी पडून डोकं उचलायला गेली की पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा वर यायचा. पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकले होते. मधल्या फटीत चार बोटं सहज आत जायची. बाळाला उचललं की कंबरेत अशी कळ यायची, की ती मटकन खाली बसायची.

"आई, माझंच पोर आणि मलाच कडेवर घेता येत नाही गं," असं म्हणून ती रडायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझे बंद कसे ओढायचे ते दाखवलं. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे, म्हणजे दोन्ही स्नायू एकमेकांकडे सरकतात. "पण पट्टा म्हणजे अर्धंच औषध हं," त्या म्हणाल्या. "पट्टा कडा जवळ धरून ठेवतो. त्या जुळायच्या त्या व्यायामानेच. उठताना कुशीवर वळायचं. जड उचलायचं नाही. आणि कमरेतून वाकायचं नाही, कुणी कितीही मोठा माणूस दारात आला तरी!"

ते दिवस माझे सोन्याचे होते. ओयदिन गादीवर पडून गुडघे उभे करायची, माझे बंद दोन्ही हातांनी ओढून धरायची, श्वास सोडत पोट आत घ्यायची आणि डोकं जरासं उचलायची. तिच्या पोटातली ताकद परत येताना सगळ्यात आधी मला कळायची. फटीत जाणारी चार बोटं हळूहळू दोनावर आली. एके दिवशी तिने जसूरला उचललं, कडेवर बसवलं आणि अंगणातल्या द्राक्षवेलीखाली दोन फेऱ्या मारल्या. हालिदाने मला हातात घेऊन चक्क मुका घेतला. "शहाणा गं माझा पट्टा!" मी फुशारलो. का नाही फुशारणार?

नवरा नुरमत भेटायला आला, तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू काळजीच करू नकोस. आईला मी सांगतो. तू वाकणार नाहीस, कढई उचलणार नाहीस. झालं?"

मी तेव्हा तिच्या पोटावरच होतो. माझ्यासमोर दिलेला शब्द आहे तो.

मग ओयदिन सासरी परतली आणि पाळणा-समारंभाचा दिवस आला. आमच्याकडे आजोळची माणसं नातवाचा पाळणा वाजतगाजत सासरी नेतात, आणि सून दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला कमरेतून वाकून सलाम करते. सासू बशोरत खुशीत होती. तिने ओयदिनचा झगा वर करून मला पाहिलं आणि माझे बंद स्वतःच्या हातात घेतले.

"अगं, आवळ की चांगला! कंबर दिसू दे जरा लोकांना."

तिने मला गोणीच्या तोंडासारखं करकचून आवळलं. मित्रांनो, मी कडा जवळ आणण्यासाठी आहे, पिळून काढण्यासाठी नाही. पण मला विचारतो कोण! बायका जमल्या. "अय्या, सून बघा, पोट म्हणून नाहीच! काय जादूचा पट्टा आहे!" ती तारीफ ऐकून पहिल्यांदाच मला फुशारता आलं नाही.

ओयदिन हळूच सासूला म्हणाली (आमच्याकडे सासूला ओयी म्हणतात), "ओयी, डॉक्टरांनी वाकायला नको म्हटलंय."

"मग पट्टा कशाला बांधलाय? शोभेला?" सासू हसली. "आम्ही चार-चार पोरं काढली आणि लगेच तंदूरपुढे उभ्या राहिलो. आमचं काय फाटलं?"

ओयदिनने नवऱ्याकडे पाहिलं. नुरमत आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता. "एका दिवसाचं तर आहे," तो पुटपुटला. "पाहुणे काय म्हणतील?"

मग तिने आईकडे पाहिलं. हालिदा पाळण्याशेजारीच उभी होती. जिने नवऱ्याचा अंगरखा कापून मला घडवलं, ती हालिदा. मला वाटलं, आता ही बोलेल.

"वाक, पोरी," हालिदा म्हणाली. "आज माझी लाज राख."

ओयदिन वाकली. पुन्हा वाकली. पाहुणे येतच होते. मध्येच पुलावाच्या कढईची एक बाजूही तिलाच धरावी लागली. मी जीव तोडून धरून ठेवलं हो! पण इतक्या दिवसांत जे जुळत आलं होतं, ते आतून सुटताना मला कळत होतं. बाहेर सगळे पुलावाचं कौतुक करत होते.

पाहुणे गेल्यावर ओयदिन जसूरला उचलायला गेली आणि कळ येऊन तशीच खाली बसली. तिने माझे बंद सोडले आणि मला कोपऱ्यात भिरकावलं. "तुझ्यामुळेच सगळ्यांना वाटलं, मी बरी झाले."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. कारण ते खरं होतं.

पुढे बशोरतने मला जसूरला पाळण्यात बांधायला वापरलं; आमच्याकडे बाळाला पाळण्यात पट्ट्याने बांधूनच निजवतात. पोरगा लाथा मारायचा आणि मी मुकाट धरून ठेवायचो. तो पाळण्यातून उतरला आणि मी पेटीत गेलो. व्यायाम मागे पडला तो पडलाच. ओयदिनने जसूरला पुन्हा कधी कडेवर घेतलं नाही.

मग एके दिवशी पेटी उघडली. ओयदिनचे केस पिकले होते, एक हात कायमचा कमरेवर. जसूरची बायको मफतुना बाळंत झाली होती, आणि तिच्या पोटावरही तसाच उंचवटा. ओयदिनने मला धुतलं, उन्हात वाळवलं, मफतुनाला अगदी बरोबर बांधलं. श्वास, गुडघे, कुशीवर वळणं, सगळं शिकवलं. ती एकही गोष्ट विसरली नव्हती. तुम्हाला काय सांगू, मला पुन्हा माझे सोन्याचे दिवस दिसायला लागले.

पाळणा-समारंभाला दारात पाहुण्यांची गर्दी झाली. जसूर आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता. मफतुनाने विचारलं, "ओयी, वाकू का?"

ओयदिनची बोटं माझ्या गाठीवर होती. आता ही नाही म्हणेल. हिला नाही कळणार तर कुणाला कळणार?

"वाक, पोरी," ओयदिन म्हणाली. "आज माझी लाज राख."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी चिंधी आहे, आज ना उद्या विरणारच. पण तुमच्या घरात कुणी बाळंतीण असेल आणि तिच्या पोटाला पट्टा असेल, तर त्या पट्ट्याची तारीफ करू नका. तिच्या हातातली कढई घ्या. आणि दारात पाहुणे आले की तिच्याऐवजी तुम्ही वाका.